बारावी होऊ दे, मग जाऊ

टेकडीवरच्या देवळापर्यंत सुलभाताई चढून आल्या, तेव्हा त्यांचा पंप खाली बसमध्येच राहिला होता. हे आधी त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं. विलास सबनीस घाबरून स्वतःचेच खिसे चाचपायला लागले.

"पर्स कुठे आहे तुझी? पंप कुठे आहे?"

सुलभाताई कठड्यावर बसून खालचं गाव बघत होत्या. म्हणाल्या, "बसमध्ये राहिला वाटतं. असू दे, लागला नाही."

दम्याचे पेशंट श्वासातून औषध ओढायला जे छोटं नळकांडं जवळ बाळगतात, त्याला पंप म्हणतात. डोंबिवलीत सुलभाताई पंप घेतल्याशिवाय कोपऱ्यावर भाजी आणायलाही जात नसत. इथे अख्खी टेकडी चढून त्या गप्पा मारत होत्या. सबनीस बायकोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्या क्षणी मला वाटलं, चला, एक कुटुंब तरी नक्की झालं.

मी एचआर मॅनेजर होते. राहायला ठाण्याला, नौपाड्यात, आणि नोकरी डोंबिवलीच्या कारखान्यात. रंगांना लागणारी रसायनं आम्ही बनवत होतो. कारखाना उभा राहिला तेव्हा भोवती माळ होता. पुढे इमारती वाढत वाढत आमच्या कंपाउंडला येऊन टेकल्या. त्यांना आमचा वास नको होता आणि आम्हाला त्यांच्या तक्रारी नको होत्या. शेवटी मालकांनी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर नवा प्लांट बांधला आणि डोंबिवलीचा बंद करायचं ठरवलं. सगळ्यांपुढे दोनच पर्याय होते. तिकडे या, नाहीतर हिशेब घेऊन मोकळे व्हा. याला रिलोकेशन म्हणतात. शब्द गोंडस आहे. रोप मुळासकट उपटायचं, आणि वर सांगायचं की कुंडी कंपनीची आहे.

रिलोकेशनच्या आधी एक 'लुक-सी व्हिजिट' असते. मुलगी बघायला जातात तसं कुटुंबासकट गाव बघायला न्यायचं. शाळा, दवाखाना, बाजार, क्वार्टर्स, सगळं दाखवायचं. आम्ही अर्थातच जानेवारीत नेलं. मे महिन्यात नेलं असतं तर बसमधून कोणी उतरलंच नसतं. जेवायला भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी होती. सगळे तृप्त झाले.

सबनीसांसाठी नोकरीचा हिशेब सोपा होता. ते लॅब सुपरवायझर, पन्नाशी ओलांडलेले. ठाणे-कल्याण पट्ट्यात आमच्यासारखे कारखाने एकेक करून निघून चालले होते. या वयात नव्याने कोण उभं करणार होतं? हवेचा हिशेब देवळाच्या कठड्यावर बसला होता. राहता राहिली माणसं, आणि गोम तिथे होती.

सबनीस म्हणजे माणसांत रमणारा माणूस. सोसायटीचे सेक्रेटरी, गणपतीचे खजिनदार, कोणाला रक्त हवं, कोणाला स्मशानात सामान हवं, की फोन सबनीसांना. संध्याकाळी बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर त्यांची जागा ठरलेली. सुलभाताईंचं तसं नव्हतं. त्या कमी बोलायच्या, दोन मैत्रिणींत खूश असायच्या. क्वार्टर्सच्या शेजारी एक शिक्षिका राहत होत्या, तिथल्याच. त्या म्हणाल्या, "ताई, उन्हाळ्यात आम्ही सगळ्याजणी मिळून बिबड्या करतो. तुम्ही पण या." बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. सुलभाताईंनी कसे करतात ते विचारलं, आणि बसचा हॉर्न वाजेपर्यंत दोघी त्यावर बोलत उभ्या होत्या. गाव कोणाला मानवणार आणि कोणाला नाही, हे खरं तर तिथेच दिसत होतं.

परतीच्या वाटेवर सबनीस माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. "मॅडम, आमचं नाव लिहा. हिचा श्वास बघितलात ना?"

आठवड्याभराने दोघं माझ्या केबिनमध्ये आले. निर्णय घेऊनच आले होते.

"मी पुढे जातो," सबनीस म्हणाले. "सायलीची बारावी होऊ दे, मग या दोघी येतील."

सायली त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा अकरावीत. डोंबिवलीतल्या क्लासला जात होती.

"म्हणजे तुम्ही एकटे?"

"वर्षाचाच तर प्रश्न आहे."

माझ्या पॉलिसीत दोन रकाने होते, फॅमिली स्टेटस आणि बॅचलर स्टेटस. कुटुंब घेऊन येणारा फॅमिली, एकटा येणारा बॅचलर. केस पांढरे झालेला, मुलगी लग्नाला आलेला बाप असला तरी तो कंपनीच्या लेखी बॅचलर. त्याला गेस्ट हाउसमध्ये खोली आणि मेसचा डबा.

मी जरा चिडलेच. "सबनीस, दमा ताईंना आहे. त्यांना इथल्या धुरात ठेवून तुम्ही तिकडे हवा खायला जाणार? सायलीची मावशी कळव्याला आहे ना? मुलीला वर्षभर तिच्याकडे ठेवा आणि तुम्ही दोघं जा."

सबनीस बायकोकडे बघायला लागले. सुलभाताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बारावीच्या मुलीला टाकून आई निघून गेली असं म्हणतील हो लोक."

"कोण लोक?"

"सगळेच. बहीणसुद्धा म्हणेल. आणि मलाच नाही राहवणार. क्लासला जाताना तिचा डबा कोण करेल?"

आमच्या ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत बारावी एकटं मूल देत नाही, अख्खं घर देतं. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगतात, लग्नकार्यांना एकेकटे जातात. त्या वर्षात आई आजारी पडली तरी ती मुलाची परीक्षा संपायची वाट बघते. मी स्वतः माझ्या मुलाच्या वेळी हेच केलं होतं, त्यामुळे मला दुसऱ्याला शहाणपण शिकवायची सोय नव्हती.

सबनीस पुढे गेले. सबनीस घरी असेपर्यंत दर थंडीत सुलभाताईंच्या तब्येतीवर त्यांची नजर असायची. आता ती नजर चारशे किलोमीटर लांब गेली.

मी दर महिन्याला नव्या प्लांटला जात असे. पहिल्या खेपेला सबनीस उत्साहात होते. लॅब लावून झाली होती, हवा फर्स्ट क्लास होती. दुसऱ्या खेपेला ते माझ्या खोलीत आले आणि उठेनात. कट्ट्यावरच्या कोणाकोणाच्या गोष्टी, सोसायटीच्या टाकीची गळती, नव्या सेक्रेटरीला कसं काही जमत नाही. ऐकणाऱ्यासाठी माणूस किती भुकेला असू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"गावात ओळखी झाल्या का?" मी विचारलं.

"झाल्या ना. त्या शिक्षिकाबाईंच्या मिस्टरांनी जेवायला बोलावलेलं. गेलेलो मी."

"मग?"

"मग काय? एकटा पुरुष रोज कोणाच्या घरी जाऊन बसणार? चहा देतात, साहेब म्हणतात, चांगली खुर्ची पुढे करतात. ती खुर्ची दिली ना, की समजायचं आता निघायचंय."

त्यांचं खरं होतं. छोट्या गावात घराचं दार बाईमाणसाच्या हाताने उघडतं. बायका एकमेकींकडे वाटी घेऊन जातात, मुलं एकत्र खेळतात, मग पुरुषांची दोस्ती होते. आमची जी कुटुंबं सगळी मिळून गेली होती, ती वर्षाच्या आत तिथली झाली. बॅचलर मात्र शेवटपर्यंत 'कंपनीचे साहेब' राहिले. सबनीस वाळत चालले होते. मेसचा डबा अर्धा परत जायचा.

थंडीत सुलभाताईंना मोठा अटॅक आला. डोंबिवलीत त्या दिवसांत धूर खालीच बसून राहतो. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून ठाकुर्लीच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं, पाळ्या लावल्या, सायलीला अभ्यासाला स्वतःच्या घरात बसवलं. इतकी माणसं आली की नर्स वैतागली. सबनीसांना मात्र कोणी कळवलं नाही. लांब आहेत, उगाच काळजी करतील. सुलभाताई घरी आल्यावर मग त्यांना फोन गेला.

पुढच्या भेटीत सबनीस मला म्हणाले, "मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही काही झालं तरी अॅम्ब्युलन्स मी बोलवायचो. माझ्या बायकोला नेलं, तेव्हा मी इथे बसून लॅबचे रिपोर्ट तपासत होतो."

मी म्हटलं, "ताईंना आता घेऊन या. परीक्षेची वाट बघू नका."

"डॉक्टर पण तेच म्हणाले. पण ती ऐकते का? प्रिलिम आली म्हणते."

आमचे जनरल मॅनेजर शिस्तीचे. सबनीसांसाठी एक फॅमिली क्वार्टर राखून ठेवलं होतं, ते त्यांना खुपत होतं.

"हे क्वार्टर रिकामं का?"

"सबनीसांची फॅमिली यायची आहे, सर."

"वर्ष होत आलं. लोक मागतायत. दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका."

"सर, मुलगी बारावीला आहे."

"बारावी आहे का? मग राहू दे." कंपनीत कशालाही न नमणारा माणूस बारावीपुढे नमला.

परीक्षा झाली, निकाल लागला, सायलीला इंजिनीअरिंगला सांगलीला प्रवेश मिळाला. ती हॉस्टेलला गेली. जिच्यासाठी घर दोन ठिकाणी वाटलं गेलं होतं, ती तिसऱ्या ठिकाणी गेली. यात तिची काही चूक नाही. मुलं पुढे जाण्यासाठीच असतात. मी सुलभाताईंना फोन केला.

"मी तयार आहे," त्या म्हणाल्या. बोलताना मध्ये थांबत होत्या. "तुम्ही ह्यांनाच विचारा. टेम्पो कधी करायचा म्हटलं, की विषय बदलतात."

मी प्लांटला गेले तेव्हा सबनीस माझ्या आधी येऊन बसले होते. हातात पाकीट होतं.

"राजीनामा आहे, मॅडम."

"आता? आता तर ताई येतायत. तुम्ही एकटे नसणार."

"माहीत आहे."

"मग झालं काय?"

त्यांनी पाकीट माझ्या पुढ्यात सरकवलं. मग म्हणाले, "मला हे गाव आता बघवत नाही. इथल्या माणसांनी माझं काही वाईट केलं नाही. पण ती खोली, तो मेसचा वास, ती संध्याकाळ... सहा वाजले की मी उगाच गेटपर्यंत जातो आणि परत येतो. ती आली म्हणून ते थांबेल असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी एकत्र आलो असतो तर वेगळं झालं असतं."

मी समजावायचा प्रयत्न केला. रजा घ्या, डॉक्टरांना भेटा, तीन महिने दोघं राहून बघा. त्यांनी मान हलवली. माझ्यासमोर बायकोला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

सुलभाताई म्हणाल्या, "मॅडम, त्यांना अडवू नका. मागच्या वेळी आले तेव्हा शर्ट खांद्यावरून उतरत होता. त्यांचं असं करून मी तिथे कसली हवा खाऊ?"

मी राजीनामा घेतला. आमच्यात अशा वेळी एक्झिट इंटरव्ह्यू घेतात. माणूस का चाललाय ते त्याला विचारून वर कळवायचं. मी 'कौटुंबिक कारण' असं कळवलं. सगळेच तसं कळवतात.

मागच्या वर्षी मी रिटायर झाले आणि एकदा डोंबिवलीला त्यांच्याकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सबनीस ठाकुर्लीला एका लहान वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतात. लॅबचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. ते परत कट्ट्यावर बसतात, परत सेक्रेटरी झालेत, त्यांच्या अंगावर थोडं मांस आलंय. सुलभाताईंच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे. त्या महिनोन्महिने जिना उतरत नाहीत. खिडक्या बंद असतात. सुरुवातीला मैत्रिणी वर यायच्या. आता त्यांचे गुडघे दुखतात, त्या खालून हाक मारतात. त्या हाकेला उत्तर द्यायला सुलभाताईंना दम पुरत नाही, म्हणून त्या काचेतून हात करतात.

सबनीस मला खाली सोडायला आले. गेटपाशी म्हणाले, "तिकडची हवा खरंच छान होती, मॅडम. वर्षभर मीच घेत बसलो ती." मी रिक्षाला हात केला.

अजूनही ओळखीतले लोक विचारायला येतात. लहान गावात नोकरी मिळत्येय, जावं का? मी त्यांना जा किंवा जाऊ नका असं सांगत नाही. ज्याला त्या गावाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याला आधी पाठवा, एवढंच सांगते. लोक हसतात. म्हणतात, नोकरी तर माझी आहे, पुढे मीच जाणार ना? बाकीचे येतील मागून.