गच्चीवरचा शेपू

कराडच्या एस. टी. स्थानकावर मुंबईची गाडी लागली, तेव्हा आई माझ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर बॅगेच्या कुलपावर होती. मला तिसरा महिना सरत आला होता. "सातव्यात परत यायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं," एवढंच ती बोलली, आणि तेही माझ्याशी नव्हे, तर माझ्या यजमानांशी, श्रीधरशी. ते कतारमध्ये तेलाच्या एका कंपनीत इंजिनियर होते. लग्नाला आठ वर्षे झाली होती आणि त्यांतली तीन आम्ही पत्रांवर काढली होती. एप्रिलच्या सुट्टीनंतर, आता व्हिसा मिळाल्यावर, ते मला न्यायला पुन्हा आले होते. कॉलेजातील वनस्पतिशास्त्राची नोकरी सोडून, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी प्रथमच समुद्र ओलांडणार होते. सत्तरचे दशक तेव्हा संपत आले होते.

ज्या आयांनी अशा स्थानकांवर उभे राहून मुली पाठवल्या आणि ज्या मुली माझ्यासारख्या निघून गेल्या, त्या दोघींसाठी हे लिहीत आहे. लिहिण्याची मला सवय नाही. आयुष्यात बहुतेक गोष्टी मी उशिरा सुरू केल्या, त्यांतलीच ही एक.

दोह्यातील आमचे घर म्हणजे एका जुन्या बंगल्याचा मागचा अर्धा भाग आणि वर गच्ची. श्रीधर दोन आठवडे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर असत आणि एक आठवडा घरी. नळाला येणारे पाणी खारट, धुण्याभांड्यांपुरते. पिण्याचे गोडे पाणी आठवड्यातून दोनदा टँकरने यायचे. मी दिवसभर खिडकीतल्या एसीच्या आवाजात बसून असे. शेजारणीशी बोलावेसे वाटे, पण मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवून होईपर्यंत तिचे दार लागलेले असे.

सप्टेंबरअखेर रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. मग आईच येणार असे ठरले. तिची कागदपत्रे तयार होत असताना ती मोरीत घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. भावाने लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आईने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. "बाळंतिणीला महिनाभर शेपू पाहिजे. ओला, ताजा. त्याने दूध येतं, वात धरत नाही. तिथे तुझं कोण करणार?"

या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडाली. खरे तर मला भीती बाळंतपणाची होती, शेपूची नव्हती. परंतु एवढ्या मोठ्या भीतीचे काय करावे ते कळत नसताना शेपू ही हाताशी येण्याजोगी गोष्ट होती. बाजारात तो मला कधी दिसला नाही. कदाचित असेलही, पण दुकानदाराला हाताने खुणा करून विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

माझ्याजवळ बाळंतशेपांची एक पुडी होती. जेवणानंतर चघळण्यासाठी आईने ती बॅगेत घातली होती. बाळंतशेपा म्हणजे शेपूचेच बी, हे मी दहा वर्षे वर्गात सांगत आले होते. या कुळाची लक्षणे मी फळ्यावर खडूने काढली होती, खोडाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. मात्र स्वतःच्या हाताने एक बी कधी मातीत टाकले नव्हते.

दूध पावडरचे सहा मोठे डबे जमले. खिळ्याने तळाला भोके पाडली. अंगणातली वाळू भरली, वर चहाचा चोथा पसरला आणि अर्धी पुडी पेरली. आठव्या दिवशी हिरवे दोरे दिसले. त्या दिवशी मी गच्चीवर तीनदा गेले. तिसऱ्या आठवड्यात पानांची टोके पिवळी पडली, मग तपकिरी, आणि वाळूवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरली.

टँकर चालवणारा ज्ञानू माने तासगावकडचा होता. गच्चीवरची टाकी भरायला तो पाइप घेऊन वर येई, मान खाली घालून भरे आणि जाई. त्या दिवशी मात्र तो डब्यांपाशी थांबला. बोटाने ती पांढरी साय उचलून त्याने जिभेला लावली.

"वैनी, ह्येला नळाचं पाणी घातलासा?"

मी मान हलवली.

"कालिजात झाडांचंच शिकवत हुता न्हवं तुमी? सायेब म्हनत हुते."

तो हसला नाही, म्हणून अधिक लागले. दर वर्षी पहिल्या सहामाहीत मी मुलांना पानाची पातळ साल मिठाच्या पाण्यात ठेवायला लावून पेशी आतून कशी आक्रसते ते दाखवत असे. "पाहा, पाणी बाहेर निघून गेलं," असे म्हणत असे. तेच मी माझ्या डब्यांत तीन आठवडे केले होते. पुडीत आता अर्धेच बी उरले होते.

पुढच्या खेपेला ज्ञानूने खजुराच्या बागेतली पोतेभर माती आणि लेंडीखत आणले. मी पुन्हा पेरणी केली, एका डब्यात स्वयंपाकातले धणेही टाकले. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी गोडे असते हे मला एव्हाना उमगले होते. खिडकीखाली बादली ठेवून मी ते साठवत असे. नोव्हेंबर त्यावर निभावला. पण डिसेंबरात एसीची गरज संपली आणि बादली कोरडी राहू लागली. तेव्हा मी स्वेटर घालून, शाल पांघरून एसी चालू ठेवला. हवा कोरडी असल्यामुळे दिवसभरात तांब्याभरही पाणी जमले नाही. श्रीधर सुट्टीवर आले, त्यांनी दार उघडले आणि म्हणाले, "अगं, हे काय, काश्मीर?" मी कारण सांगितले. त्यांनी कोरडी बादली उचलून पाहिली.

मार्ग ज्ञानूनेच काढला. टाकी भरल्यावर लांब पाइपात पाणी राहते, ते एरवी रस्त्यावर सांडून जाई. तो पाइपाचे टोक उचलून ते माझ्या बादलीत उतरवू लागला. "जायचंच हुतं ह्ये," म्हणायचा. एकदा खिशातून त्याने एका बाळाचा फोटो काढून दाखवला. मुलगा दीड वर्षाचा झाला होता, त्याने अजून पाहिला नव्हता. "सुट्टी कधी?" मी विचारले. "इन्शाल्ला," तो म्हणाला आणि पाइप गुंडाळू लागला.

जानेवारीत मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका प्रेमळ होत्या, पण त्यांचा एकही शब्द मला कळत नव्हता. घरी आले तेव्हा अंगात ताप होता, दूध येत नव्हते, आणि मुलगी रडून रडून निळी पडत होती. श्रीधरना वरणभाताखेरीज काही करता येत नसे. चार दिवसांनी त्यांना प्लॅटफॉर्मवर परतायचे होते. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपण हे मूल जगवू शकणार नाही, असे मला स्पष्ट दिसत होते आणि ते कोणाला सांगायचीही शक्ती नव्हती.

सकाळी टँकर आला. गच्चीवरून आवाज ऐकू आले. श्रीधर शेपू कापायला वर गेले होते.

"सायेब, ती कोथमीर हाय."

"मग शेपू कुठला?"

"ह्यो काय मोरपिसावानी. सरका तुमी. इळी हाय का घरात?"

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडी वाजली. ज्ञानू कामगारांच्या कॅम्पातल्या मेसमध्ये शुक्रवारी साठ माणसांची भाजी करत असे, हे मला नंतर समजले. दाराबाहेरून त्याचा आवाज आला. "सायेब, वैनीस्नी इचारा, मिरची घालू का नगं?"

श्रीधर काही विचारण्यापूर्वी मीच ओरडले. माझा आवाज असा निघतो हे मला ठाऊक नव्हते. "मिरची नको! मूगडाळ घाला, लसूण ठेचून घाला. आणि तूप."

"किती?"

"पळीभर."

फोडणीचा वास आला. मग काही क्षण उलथनेही हलले नाही. दाराआडूनच, या वेळी श्रीधरना मध्ये न घालता, त्याने विचारले, "वैनी, माझ्या मालकिणीनंबी ह्येच खाल्लं असंल न्हवं?"

"हेच. महिनाभर."

"मला ठावंच न्हवतं," तो म्हणाला. उलथने पुन्हा हलू लागले.

श्रीधरनी त्याला जेवायला थांबवले, पण "खलास, सायेब, गाडी हुबी हाय" म्हणत तो निघून गेला. मात्र पुढचे पाच आठवडे, पाण्याच्या प्रत्येक खेपेला, तो आधी भाजी टाकून मग टाकी भरी. श्रीधर नसले की दार उघडे ठेवून, आत न पाहता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला; मुलीला तोवर पावडरचे दूध पाजले, आठव्या दिवशी माझे दूध आले. शेपूमुळे की आणखी कशामुळे, हे शिक्षिकेने सांगू नये.

आम्ही तिथे आणखी नऊ वर्षे काढली. दर ऑक्टोबरात डबे भरायचे, दर मे महिन्यात सगळे जळालेले पाहायचे. ज्ञानू दुसऱ्या वर्षी सुट्टीवर गेला तो परतला नाही. त्याला कधी ताटावर बसवले नाही, साधे आभारही मानले नाहीत. संकोच, दुसरे काय. आता पुण्यातल्या या फ्लॅटमध्ये बाल्कनी आहे, नळाला गोडे पाणी आहे, आणि मी काहीच लावत नाही. थकवा आला आहे. मुलगी परदेशातून फोनवर इंग्रजीत विचारते, "आई, व्हेअर इज होम फॉर यू?" मी तिला जेवलीस का ते विचारते.

महिना झाल्यावर आईने पत्रातून विचारले होते, "बाळंतपण कोणी काढलं?" परका पुरुष, टँकरचा ड्रायव्हर, हे तिला कसे कळवावे? शेवटी लिहिले, "घरच्या माणसाने." पाकीट चिकटवताना खोटे बोलल्यासारखे वाटले होते. आता वाटत नाही. मी बाजेवर पडून, न लाजता, मोठ्या आवाजात पळीभर तूप मागितले, असे एकच स्वयंपाकघर मला आठवते. ते कराडचे नव्हे आणि पुण्याचेही नव्हे.