भिंतीकडे बघून उघडलेला डबा

मी इंदूरच्या एका शाळेत दुसरीला शिकवते. माझा राग नाकावरच असतो, हे आधीच कबूल करते. त्या रागापायीच माझ्या हातून ही चूक झाली.

वर्गात एक नवी मुलगी आली होती. वडिलांची पुण्याहून बदली झालेली, आईचीही नोकरी, त्यामुळे घरी सोबतीला मोबाइल आणि त्यातले खाण्याचे व्हिडिओ. डब्याच्या सुट्टीत ती कोपऱ्यातल्या बाकावर एकटी बसायची आणि भिंतीकडे बघत सुरू व्हायची, "हॅलो गाइज! आज हम खाने वाले हैं आलू का पराठा!" पोरं खदखदून हसायची. एक दिवस असाच भिंतीला डबा दाखवताना अर्धे पोहे सांडले, सगळीकडे शेवच शेव. माझं डोकंच फिरलं. "बंद कर ही नाटकं! गपचूप खा!"

त्या दिवसापासून 'हॅलो गाइज' बंद झालं. चार दिवस डबा जसाच्या तसा घरी परत गेला. आईने डायरीत लिहून पाठवलं, 'मॅम, ती शाळेत जायचं नाही म्हणते.' अगं बाई, पोरीला बोलायची एकच रीत ठाऊक होती आणि मी तीच बंद केली!

दुसऱ्या दिवशी माझा डबा घेऊन तिच्या बाकावर जाऊन बसले. लाज वाटत होती, तरी झाकण उघडून भिंतीला म्हटलं, "हॅलो गाइज! आज मॅमने आणलीय मेथीची भाजी!" सगळा वर्ग हसला. तिने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"असं नसतं, मॅम. पहिले डब्बा बंद दाखवायचा. मग धीरे धीरे उघडायचा."

"बरं बाई, तूच दाखव."

ती दाखवू लागली. तेवढ्यात पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी आपला डबा घेऊन आली. "मेरा भी खोल ना!" मी हळूच उठले, पण लांब काही गेले नाही.

दोन्ही डबे उघडून झाले. मग तिने आपल्या पराठ्याचा तुकडा मोडून त्या मुलीच्या हातावर ठेवला आणि तिच्याकडे बघत विचारलं, "कैसा लगा?"

"मस्त! थोडा और दे."

तशी ती धावत माझ्याकडे आली. डोळे हे एवढे मोठे.

"मॅम, तिने सांगितलं! गाइज तर कधीच सांगत नाहीत."