टोंगळाभर पाणी

गार पडू लागली की सारे गाव घरात पळायचे आणि डोंगाआबा घमेले डोक्यावर उलटे घेऊन अंगणात उभे राहायचे. आनंदाने नव्हे, संतापाने. "इथं कायले पडून राहिली? वर डोंगरात पड ना!" असे ते गारांनाच सुनवायचे. डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, मासे धरणारे हे आमचे शेजारी. त्यांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा माणूस गावात नव्हता.

गार थांबली की ते थेट फाट्यावर. मध्यप्रदेशाकडून येणारी बस थांबवून ड्रायव्हरला विचारायचे, "वर पडली काय?" तिकडच्या डोंगरात फाल्गुन-चैत्रात गारपाऊस झाला, की वैनगंगेच्या डोहात हातभर पाणी चढते आणि मासे पावसाळ्यापर्यंत तगतात, हे त्यांचे शास्त्र. टीव्हीवर हिमालय दिसला की त्यांचे डोके फिरायचे. "त्या नद्यांचं बरं हाय, उन्हाळाभर बरफ वितळते. आपल्या नदीची कोठी कोनती? हा डोह!"

म्हणून होळीपासून पहिल्या पुरापर्यंत डोहात जाळे टाकायचे नाही. काठच्या जांभळीला ते एक फाटके जाळे बांधत. ते दिसले की गावातला कोणी उतरत नसे. रोज सकाळी ते बांबूने पाणी मोजत. पण बाहेरच्या कोणी विचारले तर उत्तर एकच, "टोंगळाभर." पाणी दोन पुरुष असले तरी गुडघ्याएवढेच सांगायचे. मी शाळामास्तर, मला हे खोटे पटत नसे. ते म्हणायचे, "मास्तर, तुले मोजता येते, चूप राहता येत नाही."

तीन वर्षांपूर्वी वर जोरदार गार झाली, डोह भरला. मला कोण आनंद! मी फोटो काढून मोबाईलवर सगळीकडे धाडला, 'यंदा दोन पुरुष पाणी, मासाच मासा.' चौथ्या सकाळी बघतो तर बाहेरच्या कोणीतरी डोहात ब्लीचिंग पावडर ओतून मोठे मासे उचलून नेलेले. बोटाएवढी पिल्ले पोट वर करून तरंगत होती. त्या हरामखोरांची आठवण आली की आजही माझे हात शिवशिवतात. पण त्यांना वाट दाखवणारा मूर्ख मीच.

आबा टोपलीत मेलेली पिल्ले वेचत होते. मी म्हणालो, "आबा, मीच सांगितलं. शिव्या द्या." गारांनाही न सोडणाऱ्या माणसाने मला एक शिवी दिली नाही.

"तुम्ही घरी जा, गुरुजी," एवढेच म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात गेले, तोवर मी त्यांच्यासाठी 'तुम्ही'च राहिलो. त्याचा मला अजून राग येतो, त्यांचाही आणि माझाही.

आता जांभळीला जाळे मी बांधतो. यंदा वर गार पडली, डोह चढला, पिल्लेही दिसू लागली. परवा पाणी मोजत असताना मोटारसायकलवरच्या दोन अनोळखी माणसांनी विचारले, "काहो, पाणी कितीक हाय?"

बांबू माझ्या डोक्याच्याही वर ओला होता. मी तो पटकन पाण्यात आडवा केला.

"टोंगळाभर," मी खेकसलो.