दौलतरावांच्या गाडीचा बार

कोंडाजी नावाचा माणूस जन्मभर कोंडलेलाच राहिला. यात नाव ठेवणाऱ्या आईबापांचा काही दोष आहे का, देव जाणे. चाकणच्या बाजारात माझं पोती-सुतळीचं दुकान होतं आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दौलतरावांची विलायती मोटार उभी असे. मोटारीच्या मागे एक खोली होती, तिच्यात कोंडाजी आणि त्याची बायको सोजराबाई राहत. शेडला दार एकच. गाडी आत आली की या दोघांना बाहेर पडायला तिच्या कडेनं अंग चोरून यावं लागे. बघूनच मला गुदमरायचं. कोंडाजी मात्र गाडीला डाग लागू नये म्हणून सदरा पोटाशी आवळून धरायचा.

लढाईच्या दिवसांत तो देहूरोडच्या लष्करी डेपोत इंजिनाचं काम शिकला. लढाई संपल्यावर तिथली माणसं कमी झाली आणि दौलतरावांनी त्याला चाकणला आणलं. ड्रायव्हर तोच, मेकॅनिक तोच, कांद्याचा हंगाम आला की हमालही तोच. सोजराबाईकडे मालकांच्या घरची धुणीभांडी.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट असेल. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकाला ड्रायव्हर हवे होते, वर राहायला खोलीही मिळणार होती. खोलीला खिडकी आहे, हे सोजराबाईनं कुणाकडून तरी काढून घेतलं आणि तेव्हापासून तिचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. पण कारखान्याचा साहेब दौलतरावांच्या बैठकीतला. त्यांचा शब्द असल्याशिवाय तो चाकणच्या माणसाला दारात उभा करत नसे.

अखेर कोंडाजीनं धीर गोळा करून मालकांना विचारलं. मी दुकानातून सगळं ऐकत होतो.

"जा की," दौलतराव म्हणाले. "साहेबाला मी सांगतो. पण आधी गाडीचा बार बंद कर. बिघडलेली गाडी माझ्या गळ्यात मारून जाऊ नको."

हा बार म्हणजे गावाला रोजचा तमाशा होता. गाडी संथ चालली तर ठीक. ॲक्सिलरेटर दाबून वेग घ्यायला गेलं की धडाम! बंदूक उडाल्यासारखा आवाज. बैल बुजत, पोरं रडत आणि मारुतीच्या पारावरची माणसं धोतर सावरून उभी राहत, कारण मालक आले हे त्यांना कळे.

कोंडाजी कामाला लागला. आधी कार्बोरेटर उघडून फुंकून काढला. बार तसाच. प्लग घासले, पॉइंट पुन्हा बसवले, तरी बार तसाच. मग एका दुपारी त्यानं शेडचं दार लोटून अंधार केला आणि सोजराबाईला म्हणाला, "बस आत. मी म्हणंल तवा ह्यो खटका पायानं दाब."

"मी? मालकांच्या गाडीत? अवं, कुणी बघंल!"

"दार लावलंय. बस."

पत्र्याच्या फटीतून मी बघितलं, खोटं कशाला सांगू? सोजराबाई पदर खोचून मालकांच्या गादीवर बसली होती आणि हसू आवरत नव्हतं म्हणून तोंडावर हात धरून होती. तिनं खटका दाबला, बार उडाला, आणि त्याच क्षणी उघड्या बॉनेटखाली कोंडाजीला निळी ठिणगी पळताना दिसली.

"घावलं!" तो ओरडला. एवढ्या मोठ्यानं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला केसाएवढी भेग होती. या टोपणातून प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट जातो. जोर वाढला की करंट भेगेतून भलत्याच प्लगला उडी मारायचा आणि पेट्रोल अवेळी पेटायचं. कोंडाजीनं पुण्याहून नवं टोपण आणून बसवलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालू लागली. दौलतरावांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "सोमवारी पिंपरीला जातो, साहेबाला भेटतो."

सोजराबाईनं लगेच भांडी पोत्यात भरायला घेतली. पोतं मीच दिलं, नवंकोरं.

पण सोमवार उजाडण्याआधी बाजाराचा दिवस आला. दौलतरावांची गाडी आवाज न करता पाराजवळ येऊन थांबली. कुणाला पत्ताच नाही. हिंदुराव पाटील रस्त्याकडे पाठ करून चारचौघांना सांगत होता, "दौलतराव म्हंजी नुसता आवाज. आत बगाल तर फुसका बार!" पारावर हशा पिकला. समोर बसलेल्याला गाडी दिसली आणि त्याचं हसू थांबलं. हिंदुरावानं वळून बघितलं. दौलतराव काचेतून त्याच्याकडेच बघत होते.

शेडमध्ये आल्यावर गाडीतून उतरतानाच ते म्हणाले, "जुनं टोपण आहे का टाकलंस?"

"हाय, मालक."

"तेच बसव."

"मालक, इंजिनाचं वाटोळं व्हईल."

"होऊ दे. गाडी माझी आहे."

कोंडाजी हळूच म्हणाला, "आन् पिंपरीचं?"

दौलतराव दाराशी थांबले. चेहऱ्यावर थट्टेची खूणही नव्हती. माणूस खरंच असं समजून बोलत होता. "बार बंद झाल्यावर जा म्हणालो होतो ना? बंद कुठं झालाय अजून?"

मला इतका संताप आला की हातातली सुतळी मी फेकून दिली. मालक गेल्यावर शेडमध्ये जाऊन म्हणालो, "कोंडाजी, बसवू नको. असाच निघून जा."

"कुठं जाऊ, भाऊ? त्यांच्या शब्दाबिगर साहेब आत घेईल व्हय? आन् ही खोलीबी त्यांचीच." त्यानं नवं टोपण काढून फडक्यात गुंडाळलं. जुनं बसवताना तारा त्यानं एकेक करून नीट लावल्या. चुकीचं काम करायला सांगितलं तरी त्याला ते वाईट करता येत नव्हतं.

त्यानं गाडी सुरू केली आणि पायानं खटका दाबला.

धडाम!

समोर पारावरची माणसं उभी राहिली. सोजराबाई मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. तिनं पोत्याची गाठ सोडली, तवा बाहेर काढला आणि चुलीवर ठेवला.

"भाकरी किती करू?" आतूनच तिनं विचारलं.

"रोजच्याएवढ्या," कोंडाजी म्हणाला आणि सदरा पोटाशी आवळून गाडीच्या कडेनं आत गेला.