अकरा स्वच्छ प्रती

माझ्याकडे जुनी कॉमिक्स आहेत, सहाशेच्या वर. त्यावरून ऑफिसात कुणी हसलं तरी मला कधी काही वाटलं नाही. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे. ती मी आजवर दोनच ठिकाणी सांगितली. इथे तिसऱ्यांदा सांगतो आहे.

जमवणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यात मी प्रत तपासणारा म्हणून ओळखला जातो. कुणाला जुना अंक मिळाला की तो फोटो टाकतो आणि विचारतो, किती द्याल? म्हणजे दहापैकी किती. मी मुखपृष्ठाचे कोपरे बघतो, कणा बघतो, पिना गंजल्यात का, गंज कागदात उतरलाय का, मधलं पान सुटलंय का ते बघतो आणि आकडा सांगतो. माझा आकडा नेहमी कमी असतो. एकाने एकदा लिहिलं होतं की सरांनी सात दिले म्हणजे दुसरा कुणीही नऊ देईल. तो मेसेज मी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शाळेत तुला कुणी मॉनिटर केलं नाही ना, ते आता फिटतंय."

आपल्याकडच्या जुन्या अंकांत एक दोष हमखास सापडतो. त्या काळी ही पुस्तकं जपून ठेवायची वस्तू नव्हतीच, सुट्टीत वाचून, वाटून, लोळवून संपवायची होती. शेवटच्या पानांत कुठेतरी कोडं असायचं. ससा गाजरापर्यंत कसा पोहोचेल, ठिपके जोडा, दोन चित्रांतले फरक ओळखा. आणि मुलं ते सोडवायची. कोडं कोरं राहिलेली प्रत फार क्वचित हाती लागते. पेनाने सोडवलेलं असेल तर इलाज नाही. पेन्सिल असेल तर आहे. चित्रकार वापरतात तसला मऊ खोडरबर घ्यायचा, एकाच दिशेने हळूहळू फिरवायचा, कण ब्रशने झाडायचे. मग टॉर्च पानालगत आडवा धरायचा. पेन्सिल दाबून चालवलेली असली तर शिसं गेलं तरी कागदात खाच राहते आणि आडव्या उजेडात ती दिसते. तीही घालवायची असेल तर पानाला अगदी किंचित ओल द्यायची, वरखाली टिपकागद ठेवायचा आणि जड पुस्तकांखाली आठ दिवस दाबून ठेवायचं.

यात फसवणूक नाही, सांगितलं तर. आमच्या ग्रुपचा नियमच तो आहे. प्रतीला हात लावला असेल तर तसं लिहायचं. हा नियम मीच सुचवला होता.

आता ताईंबद्दल. तळोज्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी नावडे गावात एक खोली भाड्याने घेतली होती. ताई माझ्या घरमालकीण. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या, बोलणं थेट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भाऊ म्हटलं आणि अरेतुरे सुरू केलं. मी मात्र त्यांना अहोजाहोच करत राहिलो. पुढे लग्न झालं, करंजाड्याला फ्लॅट घेतला, तरी गावच्या पालखीला आमचं जाणं कधी चुकलं नाही. माझा कॉमिक्सचा नाद त्यांना ठाऊक होता. "येवढा बाप्या झाला नि चित्रांची पुस्तकां वाचतंय," असं त्या बायकोला सांगायच्या, ती हसायची.

मागच्या वर्षी त्यांचं जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहायला लागली. सामान नावडे कॉलनीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आत कॉमिक्स होती. मी मोजली, त्रेचाळीस. त्यांच्या मोठ्या भावाची. तो एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेला, एवढं मला माहीत होतं. पेटी आहे हे वीस वर्षांत कधी कळलं नव्हतं.

"भाऊ, तुना यातलं कलतं," त्या म्हणाल्या. "या फ्लॅटात ओल हाय. यांना कसर लागाची नाय आसं काय तरी करून दे. मना नुसती टिकवाची हायेत."

आणखी एक वाक्य त्या बोलल्या. मी ते ऐकलं नाही असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो, पण ते खरं नाही. मी ऐकलं होतं. "आत आमचे दोगांचं खेललेलं हाय," असं त्या म्हणाल्या. त्या वेळी माझ्या हातात एक अंक होता, ज्याचा कणा इतका सरळ होता की तो कुणी दोनदासुद्धा पुरता उघडला नसेल असं वाटावं. मी मान डोलावली आणि मनात नोंद केली की कोडी सोडवलेली आहेत, दीड गुण गेला.

पेटी मी घरी आणली. प्रत्येक अंकाला प्लॅस्टिकची पिशवी आणि मागे पुठ्ठा, बस, एवढंच काम होतं. दुपारभरात झालं असतं. पण त्रेचाळिसांत अकरा अंक असे निघाले की मला स्वस्थ बसवेना. मालिकेच्या पहिल्या वर्षातले, कोपरे टोकदार, पिना चकचकीत. असे अंक आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. फक्त कोड्याच्या पानावर पेन्सिलीच्या रेघा. प्रत्येक भुलभुलैयात दोन. एक दाबून काढलेली, न चुकता गाजरापर्यंत गेलेली. दुसरी फिकट, बंद गल्लीत शिरून परत आलेली, पुन्हा दुसऱ्या गल्लीत शिरलेली. ठिपके जोडलेल्या हत्तीच्या पोटात कुणीतरी एक छोटा हत्ती काढला होता.

मी ते सगळं पुसलं. दोन रविवार लागले. टॉर्च लावून बघितलं तेव्हा दाबून काढलेल्या रेघांच्या खाचा दिसत होत्या, म्हणून अकराही अंक दाबून ठेवले. उरलेल्या बत्तिसांना नुसत्या पिशव्या घातल्या, बाकी हात लावला नाही. त्यांतल्या काहींना मुखपृष्ठ नव्हतं, काहींचे कणे फाटले होते, एकावर चहा सांडलेला होता. त्यांच्यावर मेहनत घेण्यात अर्थ नव्हता, असं तेव्हा वाटलं.

हे मी विकण्यासाठी केलं नाही. पण म्हणून ते निर्मळ होत नाही. मी अकरा अंकांचे फोटो काढले, कोड्याचं कोरं पान मुद्दाम उघडून काढले, आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: एका घरातल्या पेटीत चाळीस वर्षं पडून होते, कुणाचा हात लागलेला नाही. दिवसभर मेसेज येत राहिले. एकाने साडेनऊ दिले. दुसऱ्याने विचारलं, एवढ्या काळात कुण्या मुलाने कोडं सोडवलं नाही हे कसं शक्य आहे. मी उत्तर दिलं की शिस्तीचं घर असणार.

पेटी परत केली. चार दिवसांनी ताईंचा फोन आला.

"भाऊ, कोड्यातल्या रेगा कुटं जेल्या?"

मी तयार नव्हतो, तरी उत्तर लगेच आलं. जुन्या पेन्सिलीचं शिसं काळानुसार उडून जातं असं मी सांगितलं, कागदाचं रसायन वगैरे शब्द वापरले.  त्या म्हणाल्या, "आसं व्हतंय का? मना वाटलं माझेच हातानी जेलं. मी सारकी काढून बोट फिरवतंय ना त्यावरून." मी म्हणालो, तेही असेल. हे दोन शब्द मला म्हणायची काहीच गरज नव्हती. त्यांनी विचारलंही नव्हतं.

त्याच फोनवर त्यांनी बाकीचं सांगितलं, जे मी आधी विचारायला हवं होतं. त्यांना शाळेतून काढलं तेव्हा भाऊ पनवेलच्या एसटी स्टँडवरून ही पुस्तकं आणायचा. रविवारी ओटीवर बसून आधी तो कोडं सोडवायचा, मग पेन्सिल त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, माझ्या वाटेने नको, तुझी तू शोध. त्याचा फोटो एकच, शाळेचा, चेहरा नखाएवढा. त्याच्या हातचं म्हणून घरात त्या रेघांशिवाय काही नव्हतं.

मी फोन ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही. दीड महिना गेला. या काळात मी ग्रुपवर आणखी सातआठ प्रती तपासल्या आणि एका पोराला पिना बदलल्याचं लपवल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं.

मग नवरात्रात बायको ताईंकडे ओटी भरायला गेली आणि येऊन सहज म्हणाली की ताई आता ती पेटी उघडतच नाहीत. उरलेल्या रेघाही हाताने जातील म्हणून कुलूप घातलंय. पूर्वी दर रविवारी एखादं पुस्तक घेऊन बसायच्या म्हणे. "तूच सांगितलंस ना त्यांना, हात लागून जातं म्हणून?" तिने विचारलं. 

त्या बत्तीस फाटक्या अंकांत सगळं जसंच्या तसं होतं. मी ते टाकाऊ ठरवले म्हणून वाचले होते. आणि माझ्या एका थापेमुळे ताईंनी त्यांच्याकडेही बघणं सोडलं होतं. आता गप्प बसणं म्हणजे रोज नव्याने काहीतरी पुसणं होतं.

मी आधी ग्रुपवर सांगितलं, कारण ते सोपं होतं. रेघा होत्या, मी पुसल्या, दाबल्या आणि खोटं लिहिलं. मला वाटलं होतं शिव्या पडतील. पण लोकांनी हात जोडलेल्या चिन्हांची रांग लावली. असा प्रामाणिकपणा आजकाल दिसत नाही, असं एकाने लिहिलं. त्याच माणसाने मला वेगळा मेसेज करून विचारलं, काम इतकं बेमालूम कसं केलंत, शिकवाल का?

पुढच्या सकाळी मी नावड्याला गेलो. ताई जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. काळाने गेलं नाही, तुमच्या हाताने गेलं नाही, मी पुसलं. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"कंच्या कंच्या?"

त्यांनी पेटी उघडली आणि मी अकरा अंक वेगळे काढले. आत बघायची गरज पडली नाही, वरूनच ओळखू येत होते. त्यांनी एक उघडला, भुलभुलैयाचं पान काढलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

"येवढं साफ कसं केलंस?"

टोमणा नव्हता. एखाद्या कामाची चौकशी करावी तसं विचारलं होतं. मी खोडरबराचं सांगितलं, टॉर्चचं सांगितलं.

"म्हंजे राह्यलंय का ते बगितलंस."

"हो."

"नि राह्यलं व्हतं."

"हो."

"मंग?"

"मग दाबलं."

त्यांनी तो अंक मिटून खाली ठेवला. बाहेर सोसायटीच्या टाकीत पाणी सोडल्याचा आवाज येत होता. मी पेटीतला मुखपृष्ठ नसलेला एक अंक काढला, पिशवीतून सोडवला आणि मागचं पान त्यांच्यापुढे धरलं. दोन्ही रेघा होत्या. म्हणालो, या बत्तिसांत सगळं आहे ताई, तुमच्या हाताने काही जाणार नाही, पूर्वीसारखं दर रविवारी काढा. त्यांनी तो अंक माझ्या हातातून घेतला, पण माझ्यासमोर बघितला नाही. मांडीवर पालथा ठेवला.

चहा त्यांनी नेहमीसारखा केला. मी प्यालो. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी भाजीची एक कापडी पिशवी आणली, अकराच्या अकरा अंक तिच्यात घातले, कोपरे दुमडणार नाहीत अशा बेताने, आणि माझ्यापुढे ठेवली.

"या तू ने."

मी म्हणालो, नको ताई, हे मी कसं घेऊ.

"मना ठेवून काय कराचंय? यांच्यात आता आमचं काय नाय. तुझं काम हाय हे."

राग असता तर मी नाही म्हणू शकलो असतो. त्या खरंच तसं मानत होत्या. मी पिशवी उचलली. वीस वर्षांत त्यांच्याकडून निघताना त्या मला येतंस कवा परत म्हणून विचारायच्या. त्या दिवशी त्या आत वळल्या होत्या. मी खाली येऊन रिक्षा पकडली. रस्त्याला खड्डे होते आणि मी ती पिशवी करंजाड्यापर्यंत दोन्ही हातांनी, सरळ धरून नेली.