मोजणीच्या दगडाअलीकडं

आमी दोघांनी शेवटची भाकरी बांधावर बसून खाल्ली. आता तिथून रेल्वे जाती.

त्या दुपारी मोजणीवाल्यांनी नव्यानं पुरलेल्या दगडाला ओल्या चुन्याचा वास येत होता. दगडापलीकडचं रान रुळाखाली जाणार होतं, अन् माझ्या आईची समाधी तिथंच. आमच्यात माणूस जाळत न्हाईत, रानात पुरतात.

बायको माझ्या आईला आत्याबाई म्हणायची. ती म्हणली, "मला आत्याबाईंच्या शेजारी ठेवा."

"मुकाट्यानं जेव. मरायची लई घाई झालीय व्हय?"

"आधी हो म्हणा की."

मी हो म्हणलो न्हाई.

रात्री झोपेतच ती गेली. सकाळी भावकी आईच्या समाधीजवळ खड्डा खणायला लागली. मी कुदळ हिसकावली अन् दगडाच्या अलीकडं एकट्यानं खणलं.