ईरप्पाचा कंप्रेसर

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आमच्या शेजारचा ईरप्पा गिरणीत फिटर. घरी लाकडाची हातभर एसटी बस बनवायचा, खिडक्यांच्या गजांसकट. पण कुंचल्याच्या रेघा उठल्या की भडकायचा. "ही एसटी हाय का झाडलेलं अंगण?"

रंगाचा बारीक फवारा मारणारा नवा एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर, दोन्ही परवडणारे नव्हते. डासांच्या औषधाच्या पंपाने नुसते शिंतोडे उडाले. शेवटी त्याने ठरवलं, पैसे एअरब्रशवरच घालायचे. हवा काय, कुठंही मिळते. फोटो स्टुडिओवाल्याकडून जुना पण चांगला एअरब्रश आणला आणि हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबला नळीने जोडला.

रंग झकास बसू लागला, पण ट्यूब सैल पडली तसा फवारा मंदावला.

"सिद्धम्मा, बस त्या ट्यूबवर!"

अक्कलकोटची त्याची बायको शेंगदाणे पाखडायचं सूप घेऊन ट्यूबवर ठाण मांडून बसली. फवारा पुन्हा एकसारखा!

गड्ड्याच्या जत्रेतल्या प्रदर्शनात त्या लालभडक बसने पहिलं बक्षीस मारलं. परीक्षकांनी विचारलं, "कंप्रेसर कुठला?"

ईरप्पाने तोंड उघडायच्या आत सिद्धम्मा पदर खोचून पुढे झाली.

"अक्कलकोटचा. ह्यो काय, तुमच्यापुढं उभा हाय की!"